५१/४०, ५१/८४ आणि गप्प बसलेली डिस्क

पाऊस सुरू झाला की किनारपट्टीवर एक वाक्य सारखं कानावर येतं: "हार्ड डिस्क गेली." गेली म्हणजे नेमकं काय झालं, हे बहुतेक वेळा डिस्कने स्वतःच कॉम्प्युटरला सांगितलेलं असतं. ते न वाचताच नवी डिस्क घेतली जाते, जुन्याच केबलला जोडली जाते, आणि श्रावणात पुन्हा तेच वाक्य.

पडद्यावर दिसतो तो "आय/ओ डिव्हाइस एरर". हा संदेश निरुपयोगी आहे, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच गोणीत भरलेल्या असतात. खाडीपलीकडून तरीने माल मागवला आणि तो मिळाला नाही, तर कारणं तीन: पलीकडे माल नासलेला होता, माल चांगला होता पण तरीत भिजला, किंवा पलीकडून कुणी ओच दिली नाही. डिस्कचंही तसंच. पृष्ठभाग खराब, वाट खराब, किंवा उत्तरच नाही. तिन्हीवर उपाय वेगळे, आणि पहिल्याचा उपाय तिसऱ्यावर केला तर नुकसान वाढतं.

साटा डिस्कशी, म्हणजे साटा केबलने मदरबोर्डला जोडलेल्या डिस्कशी, बोलणं तसं तुटक असतं. कॉम्प्युटर आज्ञा पाठवतो: अमुक क्रमांकाच्या सेक्टरपासून इतके सेक्टर दे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठरावीक मापाचा कप्पा). काम झालं की डिस्क एक बाइट परत पाठवते, त्याला स्टेटस म्हणतात. काम चुकलं असेल तर सोबत दुसरा बाइट, एरर. लिनक्स हे दोन्ही बाइट जसेच्या तसे छापतं. उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करायचं, "ट्राय" निवडायचं, टर्मिनलमध्ये सुडो लावून डीमेसेज ही सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवायची. "रेस" या शब्दापुढे ५१/४० अशी जोडी दिसते. मला तरी दुरुस्तीतली सगळ्यात कामाची ओळ हीच वाटते.

आकडे हेक्साडेसिमल आहेत, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले, एक अंक चार बिटांचा. म्हणून ते बिटांत फोडायचे. ५१ म्हणजे ०१०१ ०००१. उजवीकडून शून्यापासून मोजलं तर ६, ४ आणि ० हे बिट चढलेले. सहावा म्हणतो "मी तयार आहे", शून्यावा म्हणतो "पण हे काम चुकलं". चौथा जुन्या काळचा, डोकं जागेवर पोचल्याची खूण. आज तो सोडून द्यायचा. काय चुकलं ते दुसऱ्या बाइटमध्ये. ४० म्हणजे ०१०० ००००, एकटा सहावा बिट, यूएनसी: सेक्टर वाचला, पण दुरुस्त करता आला नाही. माल नासला. आता ५१/८४ पाहा. ८४ म्हणजे १००० ०१००. सातवा बिट आयसीआरसी, म्हणजे वाटेत बेरीज जुळली नाही. दुसरा एबीआरटी, म्हणून काम सोडून दिलं. इथे डिस्कचा पृष्ठभाग ठणठणीत असू शकतो. तिसरी जोडी ४०/००, आणि त्याच ओळीत पुढे कंसात "टाइमआउट". या वेळी आकड्यांना अर्थ नाही, ते आधीचेच उरलेले असतात. कंसातला शब्दच खरा: डिस्क बोललीच नाही.

विंडोजवाल्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडून "विंडोज लॉग्ज"मधल्या "सिस्टिम"मध्ये जावं. ७ क्रमांकाची नोंद बॅड ब्लॉकची, म्हणजे माल. ११ क्रमांक कंट्रोलर एररचा, तिथे आधी केबल पाहायची. १२९ म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही म्हणून रीसेट केलं. १५३ म्हणजे काम पुन्हा करून पाहावं लागलं. ५५ दिसला तर तो फाइल सिस्टिम बिघडल्याचा. तो परिणाम असतो, कारण त्याच्या आधीच्या नोंदींत शोधायचं.

किनाऱ्यावर संशय आधी वाटेवर घ्यावा असं माझं मत आहे. त्याचं कारण स्वयंपाकघरात दिसतं. जूनमध्ये बरणीतलं मीठ ओलं होतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याहून कमी आर्द्रतेलाही ओलं होतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर हेच मीठ कॅबिनेटच्या पंख्यातून आत येऊन धुळीसोबत बसतं. मे महिन्यात ते कोरडं असतं म्हणून काही होत नाही. पाऊस लागला की त्याचा पातळसा खारा थर होतो. साटाच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, त्याखाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. मुलामा इतका पातळ की त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. खारं पाणी तिथून खाली पोचतं आणि हिरवट किंवा काळसर डाग वर येतो.

साटाच्या डेटा जोडणीत सात पट्ट्या: तीन अर्थिंगच्या, चार सिग्नलच्या, म्हणजे जाण्याची एक जोडी आणि येण्याची एक. त्यावरून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात. दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागत असल्याने हातात पडतात ते ६०० मेगाबाइट. या वेगाला कॉन्टॅक्टवरचा थोडासा डागही पुरतो. डेटा जास्तीत जास्त ८ किलोबाइटच्या पाकिटांत जातो आणि प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांची सीआरसी बेरीज असते. घेणारा स्वतः बेरीज करून पाहतो, जुळली नाही तर पाकीट नाकारतो, आणि काम पुन्हा करावं लागतं. त्यामुळे वाट खराब असली तरी फाइल सहसा बिघडत नाही, मशीन रेंगाळतं. चुका वाढल्या की लिनक्स लिंक रीसेट करतं, मग वेग ६ वरून ३ वर आणि ३ वरून १.५ वर उतरवतं. डीमेसेजमध्ये "लिंक अप १.५ जीबीपीएस" दिसलं आणि डिस्क व पोर्ट दोन्ही ६ चे असतील, तर दुसरा पुरावा लागत नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. या चुकांचा हिशोब स्मार्टच्या १९९ क्रमांकाच्या खात्यात असतो. स्मार्ट दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते "सी७" म्हणून दिसतं, कारण ते सॉफ्टवेअर मुळात हेक्समध्ये बोलतं. इथे गफलत होते: कच्च्या आकड्यात शेवटी "१एफ" दिसलं तर ते ३१ आहे. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्याव्यात. १९९ चा आकडा कधीही कमी होत नाही. केबल बदलली तरी जुने ३१ तसेच राहणार. म्हणून आकडा तारखेसह लिहून ठेवायचा आणि तो वाढतो का एवढंच पाहायचं.

साफसफाई अशी. मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलेला चार्ज जातो. केबलचा लॅच दाबून कनेक्टर सरळ ओढायचा, हलवत हलवत नाही. डिस्कच्या बाजूची प्लॅस्टिकची जीभ तुटली तर मग खरोखर डिस्क गेली. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसणं. खोडरबर वापरू नये, तो डागाबरोबर सोनंही नेतो. बिजागऱ्यांना मारायचा गंजाचा स्प्रेही नको, तो तेलकट थर ठेवून जातो आणि त्यावर पुन्हा मीठ चिकटतं. वीस मिनिटं वाळू द्यायचं. केबल मात्र पुसत बसू नये, नवी घ्यावी: अर्ध्या मीटरची, धातूचा लॅच असलेली. साटाची मर्यादा १ मीटर आहे, पण दमट हवेत तिथवर ताणण्यात अर्थ नाही. मदरबोर्डवरचा पोर्टही बदलायचा. मग वीस-तीस जीबीची एक फाइल कॉपी करून पुन्हा १९९ पाहायचं. तेवढ्याच कामात आधी दहा-वीसने वाढत होतं आणि आता जागचं हललं नाही, तर विषय मिटला.

वाट की माल याची आणखी एक चाचणी आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. स्मार्टची लाँग सेल्फ टेस्ट डिस्क स्वतःच्या आतल्या आत करते. सगळा पृष्ठभाग वाचते, पण डेटा केबलवर टाकत नाही. त्यामुळे कॉपी अडखळते आणि लाँग टेस्ट मात्र निर्धोक पार पडते, तेव्हा बोट केबल, पोर्ट किंवा विजेकडे जातं. टेस्ट मध्येच "रीड फेल्युअर" म्हणून थांबली, तर पहिल्या नासक्या सेक्टरचा क्रमांकही नोंदीत मिळतो. किती मिनिटं लागतील ते डिस्क आधीच सांगते. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. एक सावधगिरी: डिस्कमधला डेटा एकमेव असेल आणि ५१/४० आधीच दिसलं असेल, तर ही टेस्ट आता नको, आधी कॉपी.

कारण ५१/४० चं गणित वेगळं आहे. नव्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि त्याच्यासोबत दुरुस्तीसाठी शंभरेक बाइट लिहिलेले असतात. थोडे बिट उलटे वाचले गेले तर डिस्क ते गुपचूप सुधारून देते, आपल्याला पत्ता लागत नाही. सुधारणेच्या पलीकडे गेलं की ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, मग हात टेकते, यूएनसी पाठवते आणि तो सेक्टर १९७ च्या खात्यात, म्हणजे पेंडिंगमध्ये टाकते. पेंडिंग म्हणजे "वाचता आला नाही, कुणी त्यावर नवं लिहिलं की ठरवू". नवं लिहिलं आणि नीट बसलं, तर १९७ उतरतं. बसलं नाही, तर राखीव सेक्टर दिला जातो आणि ५ क्रमांकाचं खातं चढतं. कॉम्प्युटर अजून ५१२ बाइटच्या हिशोबाने मोजत असल्यामुळे एक खरा सेक्टर गेला की बऱ्याच डिस्क पेंडिंग ८ दाखवतात. आठ ठिकाणी खराब झालं असं समजून घाबरायचं कारण नाही.

वीज जाण्याचा इथे थेट संबंध आहे. सेक्टर लिहिला जात असताना वीज गेली तर अर्धा नवा, अर्धा जुना मजकूर राहतो आणि दुरुस्तीचे बाइट जुळत नाहीत. पृष्ठभाग चांगला, तरी वाचताना यूएनसी. असा सेक्टर पुन्हा लिहिला की बरा होतो. म्हणून १९७ चढलं पण ५ शून्यावरच राहिलं, आणि १९२ म्हणजे अचानक डोकं मागे घ्यावं लागल्याचा आकडा शेकड्यात असेल, तर दोष विजेचा धरावा. घरातल्या इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला बहुधा एक खटका असतो, "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा. नॉर्मलवर बदलायला वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही. कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, मात्र वीज गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरेल एवढ्याच हिशोबाने बनवलेला असतो. खटका यूपीएसवर ठेवायचा.

नासलेल्या डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क हे तपासणीचं साधन "आर" पर्यायासह चालवणं ही सर्वांत महागडी सवय. ते सगळा पृष्ठभाग खरवडून वाचतं, खराब जागी अडून बसतं, आणि अशक्त डिस्क त्यातच मान टाकते. त्याऐवजी जीएनयू डीडीरेस्क्यू, नासक्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर. मोठी रिकामी डिस्क जोडायची, नकाशाची फाइल (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद) तिसऱ्याच ठिकाणी ठेवायची. पहिली फेरी "एन" पर्यायाने: जे सहज येतं ते सगळं उचलायचं, अडलं तिथून पुढे उडी मारायची. दुसरी फेरी "डी" आणि "आर ३": उरलेल्या जागी तीनदा प्रयत्न. मध्ये वीज गेली तरी नकाशामुळे जिथून सुटलं तिथूनच सुरू होतं. स्रोत कुठला आणि लक्ष्य कुठलं हे मात्र दोनदा तपासा. उलटं झालं तर रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रत तुमच्या डेटावर बसते.

"स्मार्ट पास" या शब्दांवर विसंबू नये. कंपनीने ठरवलेल्या उंबरठ्याखाली आकडा गेला तरच ते फेल म्हणतं. पेंडिंग चाळीस असलेली डिस्कही खुशाल पास होते. उलट बाजूला, १ क्रमांकाच्या खात्यात कोट्यवधींचा आकडा पाहून धास्ती घेऊ नका. काही कंपन्या त्यात चुकांसोबत एकूण वाचनांची संख्याही कोंबतात. ५, १९७, १९९ आणि सोबत १८७ व १९८ (ही दोन्ही दुरुस्त न झालेल्या चुकांची खाती) पाहिलं की माझं काम भागतं.

यूएसबी डिस्कची भाषा निराळी. पेनड्राइव्ह असो की बाहेरची हार्ड डिस्क, यूएसबीवर ती १९८६ साली पहिल्यांदा प्रमाणित झालेली स्कझी भाषा बोलते. नेहमीच्या पद्धतीत कॉम्प्युटर ३१ बाइटचं आज्ञापत्र पाठवतो, मग डेटा, मग १३ बाइटची पोच येते. पोचेतला शेवटचा बाइट ०० असेल तर काम झालं, ०१ असेल तर फसलं. का फसलं ते पोचेत नसतं. त्यासाठी कॉम्प्युटरला पुन्हा विचारावं लागतं, आणि मग तीन आकड्यांचं उत्तर येतं. ३/११/०० म्हणजे वाचता न आलेला सेक्टर, आपलं ५१/४० च. २/३ए/०० म्हणजे आत मीडियाच नाही. कार्ड रीडर रिकामा असेल तर ठीक, पण पेनड्राइव्ह असं म्हणाला तर त्याच्या कंट्रोलरला स्वतःची चिप सापडत नाहीये. ६/२९/०० म्हणजे "माझी वीज गेली होती किंवा मला रीसेट केलं, आत्ताच उठलोय". हे शेवटचं दिवसातून चारदा दिसत असेल तर केबलमधून पुरेशी वीज पोचत नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३ चा ९००, आणि अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढ लागू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, आणि आखूड जाड केबल. एवढ्याने बरीच "गेलेली" डिस्क परत येते.

बाहेरच्या डिस्कच्या डबीत एक ब्रिज चिप असते, ती स्कझीचं साटात भाषांतर करते. स्वस्त डबीतली चिप वाईट दुभाषी. डिस्क आतून ५१/८४ ओरडत असते आणि बाहेर नुसतं "फसलं" येतं. स्मार्टसीटीएल या स्मार्ट वाचणाऱ्या आज्ञेला "डी साट" पर्याय देऊन पाहायचं, तरी स्मार्ट रिकामंच दिसलं तर डिस्क डबीतून काढून थेट साटाला जोडायची. काही अडीच इंची डिस्कवर मात्र साटाचा कनेक्टरच नसतो, यूएसबी बोर्डवरच जोडलेला असतो. त्या उघडून उपयोग नाही.

गप्प बसणाऱ्या डिस्कचं दुखणं वेळेचं असतं. लिनक्स एका आज्ञेसाठी ३० सेकंद थांबतं, विंडोज साधारण ६०. घरगुती डिस्क एकाच नासक्या सेक्टरवर त्याहून जास्त वेळ झगडू शकते. मग कॉम्प्युटर कंटाळून लिंक रीसेट करतो, डिस्क जे सांगणार होती तेही राहून जातं, आणि नोंदीत फक्त टाइमआउट उरतो. म्हणजे माल नासलेला असूनही दिसतं मात्र "ओ दिली नाही". नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यातल्या, डिस्क म्हणूनच बहुधा ७ सेकंदांत हार मानून यूएनसी पाठवतात. स्मार्टसीटीएलच्या एससीटीईआरसी नोंदीत ही मर्यादा दिसते, ७० म्हणजे ७.० सेकंद.

होमस्टेंच्या सीसीटीव्ही डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, हे रोज घडतं. डीव्हीआर "एचडीडी एरर" म्हणतो, बीप करतो, आणि बाकी काही सांगत नाही. त्यात कॅमेऱ्यांसाठीची डिस्कच घालावी. ती एखादी फ्रेम सोडते पण अडून बसत नाही. बीप वाजली की फॉरमॅटचं बटण दाबू नका. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडा आणि ५, १९७, १९९ वाचा. डीव्हीआर पडवीत, वाऱ्याच्या तोंडाशी असेल तर १९९ च सापडण्याची शक्यता मोठी.

एनव्हीएमई एसएसडीला, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या चिपवाल्या डिस्कला, केबलच नाही, म्हणून १९९ सारखं खातंही नाही. तिची वाट म्हणजे मदरबोर्डवरची पीसीआयई. वाटेतली चूक पीसीआयई स्वतः पकडून पाकीट पुन्हा पाठवतं. लिनक्समध्ये "पीसीआयई बस एरर, करेक्टेड" आणि विंडोजमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरची १७ क्रमांकाची नोंद दिसते. अशा नोंदी धडाधड येऊ लागल्या तर स्क्रू काढून कार्ड पुन्हा नीट बसवा. "मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स" शून्याच्या वर गेलं तर मात्र लगेच कॉपी.

बंद पडून राहिलेल्या मशीनबद्दल एक. चालू मशीन आतून थोडं गरम असतं, त्यामुळे आतली सापेक्ष आर्द्रता बाहेरच्यापेक्षा कमी राहते. बंद मशीनला ते संरक्षण नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज यायला कितीतरी दिवस लागले. असा खंड पडला की बटण दाबण्याआधी कॅबिनेट उघडून कनेक्टर पाहून घ्यावेत. पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेवलेलं बरं. बॅकअपची डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. एसी खोलीतून किंवा गाडीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेली डिस्क लगेच जोडू नका. हार्ड डिस्क ९५ टक्के आर्द्रतेपर्यंत चालते असं कागदावर लिहिलेलं असलं, तरी सोबत दव धरता कामा नये ही अट असते. पिशवी बंदच ठेवून तासभर थांबा, डबीचं धातू हाताला गार लागेनासं झालं की मग केबल लावा.